सरोजचा गुरुवारचा फोन

१

बायको जाऊन चार महिने झाले होते, आणि गेल्या गुरुवारी तिने बँकेत फोन केला. ही बातमी पांडुरंगराव नगरकरांना बँकेतल्या ज्या मुलीने दिली, तिने ती अगदी हसतमुखाने दिली. तिचा काही दोष नव्हता. तिला बिचारीला काय माहीत?

झालं असं की पांडुरंगरावांना खातं उघडायचं होतं. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधली छोटीशी शाखा, जून महिना म्हणजे इथला ऐन हिवाळा, बाहेर दक्षिणेचा वारा माणसाला सोलून काढत होता. मुलगा परेश त्यांना दारात सोडून गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. टेबलामागच्या मुलीच्या छातीवर अरोहा अशी पाटी होती. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून तिने खुर्ची पुढे केली, पासपोर्ट पाहिला, रेसिडन्सचा शिक्का पाहिला आणि मग म्हणाली, "आता पत्त्याचा पुरावा."

पांडुरंगरावांनी विजेचं बिल पुढे केलं.

"हे तुमच्या मुलाच्या नावावर आहे."

"मी मुलाकडेच राहतो."

"तुमच्या स्वतःच्या नावाचं काही?"

तसं काही नव्हतं. परदेशात मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्यांची ही गत सगळीकडे सारखीच. डोक्यावर छप्पर असतं, ताटात पोळी असते, पण आपण इथे राहतो असं सांगणारा कागदाचा कपटा मिळेल तर शपथ. वीज मुलाची, फोन सुनेचा, घर बँकेचं.

"काळजी नको," अरोहा म्हणाली. "तुमच्या मिसेसचंही असंच झालं होतं. त्यांनी मेडिकल सेंटरकडून पत्र आणलं, तुम्हीही तसंच आणा."

"माझ्या मिसेस इथे आल्या होत्या?"

"सरोज ना? पत्ता तोच आहे. त्यांचं खातं मीच उघडलं, मागच्या वर्षी. फार गोड बाई! आणि परवाच्या गुरुवारी फोनवर किती हसलो आम्ही. कार्ड हरवलंय, नवं पाठव म्हणाल्या. मी जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, पंधरा ऑक्टोबर. मी म्हटलं, जुळत नाही हो. तर हसल्या आणि म्हणाल्या, मग एक जून. साल बरोबर होतं, पत्ता बरोबर, खातेक्रमांक बरोबर. मी म्हटलं, स्वतःचा वाढदिवस विसरणारी पहिलीच बाई पाहिली मी!"

पांडुरंगरावांनी पासपोर्ट मिटला. इन्शुरन्सच्या रिपोर्टात घालायचे तशा इंग्रजीत ते सावकाश म्हणाले, "माझी पत्नी फेब्रुवारीत पुण्यात वारली. हृदयविकाराने. मी स्वतः अग्नी दिला."

अरोहाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तिने मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजरने खाली वाकून, हळू आवाजात सहानुभूती व्यक्त केली आणि खातं तिथल्या तिथे गोठवलं. नवं कार्ड पोस्टात पडलं होतं, पण आता ते चालणार नव्हतं.

"झालं का बाबा?" परेश हात चोळत आत आला.

"पत्त्याचं पत्र लागेल म्हणतात," पांडुरंगराव म्हणाले, आणि दाराकडे निघाले.

२

पांडुरंगराव उभी हयात इन्शुरन्सचे सर्व्हेअर होते. जळालेली गोदामं, बुडालेला माल, आपोआप पेट घेणाऱ्या कापसाच्या गाठी. राखेत काठी फिरवून आग कुठे लागली आणि कुणी लावली, ते सांगायचं. या धंद्यात ते एक गोष्ट शिकले होते. मालकाला आधी काही विचारायचं नाही. आधी नुसतं बसायचं आणि न विचारता कोण काय सांगतो ते ऐकायचं.

नुसतं बसणं तर आता त्यांना फारच छान जमायला लागलं होतं. सरोज गेल्यापासून त्यांना काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो, तसे ते सबंधच्या सबंध झाले होते. दहाव्याला रडले नाहीत, तेराव्याला रडले नाहीत. विमानात खिडकीशी बसले आणि समोर आलं ते खाल्लं. लोक म्हणाले, किती खंबीर आहेत. खंबीर कसले, माणूस जागेवरच नव्हता.

आजही बँकेतून परतताना त्यांना दुःख झालं नाही की भीती वाटली नाही. फक्त एक हिशेब डोक्यात सुरू झाला. सरोजच्या नावाने बोलणारी बाई कोण?

आणि ते कळणं गरजेचं होतं. येत्या शुक्रवारी परेश त्यांना वेलिंग्टनला भारतीय हाय कमिशनमध्ये नेणार होता, मुखत्यारपत्रावर सही करायला. पुण्याचा फ्लॅट विकायचा, पैसे इथल्या नव्या खात्यात आणायचे आणि मोठं घर घ्यायचं. सध्या नात अनुष्काने आपली खोली आबांना दिली होती आणि ती पोर हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती. परेशचं म्हणणं रास्तच होतं. पण फ्लॅट एकदा गेला की पांडुरंगरावांना परतीचं दार नव्हतं. याच घरातलं कुणी मेलेल्या बाईच्या नावाने बँकेला फसवत असेल, तर सही करणं म्हणजे आपल्या हाताने विहिरीत उडी मारणं. मग त्यापेक्षा पुण्याला जाऊन दार लावून घेतलेलं बरं. सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

आता त्या दोन तारखांचं सांगायला हवं. सरोजचा जन्म कोजागिरीचा. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, पौर्णिमा मात्र सगळ्यांच्या लक्षात होती. शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिला एक जून, आणि तोच पुढे दाखल्यावर, रेशनकार्डावर, पासपोर्टवर बसला. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मला आहे. घरात वाढदिवस व्हायचा तो कोजागिरीला, दर वर्षी वेगळ्या तारखेला.

मग ही पंधरा ऑक्टोबर कुठून आली?

रात्री जेवताना त्यांनी वरणात तूप घेतलं आणि सहज म्हणाले, "सरोजचं इथे बँकेत खातं होतं, ठाऊक होतं का रे तुम्हाला?"

"आईचं?" परेशचा घास हातातच राहिला. "काहीतरी काय बाबा! आईला एटीएमची भीती वाटायची."

पांडुरंगराव परेशकडे बघतच नव्हते. ते ममताकडे बघत होते. सुनेने मान खाली घातली होती आणि रिकाम्या ताटात चमचा फिरवत होती.

३

दुसऱ्या दिवशी परेश ऑफिसला गेला, अनुष्का शाळेत. ममताची बुधवारी सुट्टी असायची. ती भाजी निवडत बसली आणि पांडुरंगराव तिच्यासमोर जाऊन बसले. काही विचारलं नाही. नुसते शेंगा मोडायला लागले.

दोन मिनिटांत सूनबाई बोलत्या झाल्या.

"बाबा, मला ठाऊक होतं. पण आईंनी शप्पथ घातली होती."

"कसली?"

"तुम्हाला न सांगायची. मीच त्यांना मेडिकल सेंटरला घेऊन गेले होते, त्या पत्त्याच्या पत्रासाठी. बँकेत नेऊन सोडलं. म्हणाल्या, तू गाडीतच थांब. खातं कशाला हवंय ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बाई माणूस, असू दे की तिचं स्वतःचं काहीतरी."

"मला का नाही सांगायचं?"

ममता जरा घुटमळली. "म्हणाल्या, ह्यांना सांगितलं तर हे लगेच रिपोर्ट लिहितील."

पांडुरंगरावांनी आणखी एक शेंग मोडली. एरवी हे त्यांना लागलं असतं.

म्हणजे खात्याचं ममताला माहीत होतं, आणि खातेक्रमांकही असू शकत होता. पत्ता तर तिचाच. आवाज बाईचा. साठीची बाई म्हणून इंग्रजी बोलणं काही अवघड नाही, सासूच्या बोलण्याची नक्कल सुनांना येतेच.

"सरोजचा वाढदिवस कधी गं?" त्यांनी विचारलं.

"पासपोर्टवरचा की खरा?" ममता चटकन म्हणाली. "रेसिडन्सचे सगळे फॉर्म मीच भरले ना तुमचे. एक जून लिहून लिहून हात दुखला. का हो?"

"काही नाही, असंच," पांडुरंगराव म्हणाले. त्यांच्या छातीवरून काहीतरी थोडंसं सरकलं. ममता फोनवर असती तर पहिल्याच दमात एक जून म्हणाली असती. जिला कागदावरची तारीख पाठ आहे, ती बँकेला पंधरा ऑक्टोबर कशाला सांगेल?

तेवढ्यात बेल वाजली. दारात नीलांबरीताई उभ्या होत्या, डोक्याला मफलर, पुढे जुळ्या नातवांची ढकलगाडी. पुढच्या वळणावर त्यांच्या मुलाचं, रमणचं घर. सरोजची इथली एकुलती एक मैत्रीण. हातात परेशच्या नावाची दोन-तीन पाकिटं होती.

"पत्रं आणली हो तुमची. पोस्टमन आत्ताच टाकून गेला. वाऱ्याने उडून जायला नकोत."

"रोज कशाला त्रास घेता?" ममता म्हणाली.

"त्रास कसला? जाता जाता." त्या पांडुरंगरावांकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, जेवता ना नीट?" आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

"किती करतात बिचाऱ्या," ममता दार लावत म्हणाली. "आठवडाभर रोज आणून देतात."

४

दुपारी अनुष्का शाळेतून आली. पंधरा वर्षांची पोर. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. टोस्टवर काळं काहीतरी फासून ती सोफ्यावर बसली.

"अनुष्का, आजीचा वाढदिवस कधी?"

"इट मूव्ह्ज, आबा," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "लाइक ईस्टर. मून थिंग आहे ना ते?"

झालं. हिला तर तारीख नाही हेच पक्कं ठाऊक. अनुष्का सुटली. परेशचा तर प्रश्नच नव्हता, त्याचा आवाज ढोलासारखा. आता उरली विनिता.

विनिता मागच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहायची. मुंबईची, संगणकवाली, येऊन सव्वा वर्ष झालेलं. मध्ये नोकरी सुटली होती आणि पुन्हा लागली होती. पांडुरंगराव तिच्या दारात गेले तेव्हा ती पाय हीटरशी धरून बसली होती.

"या ना काका! चहा टाकू?"

"नको. एक विचारायचं होतं. आमच्या सौभाग्यवतींचा वाढदिवस तुझ्या लक्षात आहे का?"

"काकूंचा? आहे की. पंधरा ऑक्टोबर."

पांडुरंगराव दाराची चौकट धरून उभे राहिले.

"कशावरून गं?"

"अहो, मी होते ना! तुमच्या घराच्या त्या लाकडी ओट्यावर, डेकवर, सगळे बसलो होतो. जॅकेटं घालून मसाला दूध पीत होतो, आणि काकूंना ओवाळलं. दुसऱ्या दिवशी माझा इंटरव्ह्यूचा अभ्यास होता, म्हणून तारीख डोक्यात बसली. शनिवार होता."

शनिवार. पांडुरंगरावांना आता आठवलं. गेल्या वर्षी ते आणि सरोज दोघं इथेच होते, आणि कोजागिरी सोमवारी होती. सोमवारी रात्री जागरण करून दूध कोण पिणार? दुसऱ्या दिवशी सगळ्यांची ऑफिसं. मग परेशने कोजागिरी दोन दिवस अलीकडे ओढली. इथे सगळंच असं, गणपतीसुद्धा सोयीने शनिवारी बसतो. त्या रात्री चंद्रही पुरता भरला नव्हता, सरोज म्हणाली होती, जरा कच्चाच आहे.

म्हणजे पंधरा ऑक्टोबर ही तिथी नव्हती, कागदावरची तारीख नव्हती आणि सरोजच्या आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याच वर्षाशी तिचा संबंध नव्हता. या घराच्या डेकवर, त्या एका संध्याकाळी जो बाहेरचा माणूस हजर होता, त्याच्याच डोक्यात ती असू शकत होती.

आणि त्यातलं एक माणूस समोर हीटरशी पाय शेकत बसलं होतं. नोकरी सुटून पुन्हा लागलेलं.

५

त्या क्षणी दुसरा कुणी असता तर त्याने आरडाओरडा केला असता. पांडुरंगराव आत गेले आणि खुर्चीवर बसले.

"चहा टाकच," ते म्हणाले. आणि चहा होईपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "विनिता, समज, तुला कुणी सांगितलं की पंधरा ऑक्टोबर ही काकूंची तारीख चूक आहे. मग तू कुठली सांगशील?"

"म्हणजे? सोळा का? काकूंना विचारल्याशिवाय कसं सांगणार?" ती गोंधळली. "माझा तर बर्थ सर्टिफिकेटवर अगदी मिनिटासकट आहे. दुसरी तारीख कुठून असणार?"

तिचा चेहरा स्वच्छ होता. शिवाय तिचं म्हणणं खरंच होतं. मुंबईच्या नर्सिंग होममध्ये जन्मलेल्या मुलीला माणसाच्या दोन जन्मतारखा असतात हे सुचणारच कसं? फोनवरच्या बाईला मात्र अरोहा 'जुळत नाही' म्हणाल्याबरोबर क्षणात दुसरी तारीख सुचली होती, तीही हसत हसत. एक जून तिला कुणी सांगितला नव्हता. कागद पाहिला असता तर तिने तोच आधी सांगितला असता. तिने तो ओळखला होता. खरी चालत नाही ना, मग शाळेतली असणार. आणि शाळेतली म्हणजे दुसरी कुठली?

असं कुणाला सुचेल? ज्या पिढीचे जन्म गुरुजींनी ठरवले, त्या पिढीच्या माणसाला. त्यातून तो स्वतःच गुरुजी असेल तर बघायलाच नको.

डेकवर त्या रात्री घराबाहेरची दोनच माणसं होती. एक विनिता. दुसरी होती ती बत्तीस शिराळ्याकडच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, आणि तीच आता आठवडाभर रोज न चुकता या घराची टपालपेटी तपासत होती.

गुरुवारी सकाळी पांडुरंगराव स्वेटर, कोट, कानटोपी असा सगळा जामानिमा करून फाटकाशी जाऊन उभे राहिले. पोस्टमन सायकलवरून येऊन पाकिटं टाकून गेला. थोड्या वेळात वळणावरून ढकलगाडी आली.

"अगंबाई, भाऊ, तुम्ही वाऱ्यात कशाला उभे?"

"टपालाची वाट बघतोय." त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही. "नीलांबरीताई, तुम्ही शाळेत मुलांची नावं दाखल करायचात. आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसली तर काय लिहायचात?"

"एक जून. दुसरं काय लिहिणार?" नीलांबरीताई हसून म्हणाल्या.

मग त्यांचं हसणं थांबलं. गाडीच्या दांड्यावरचे त्यांचे हात घट्ट झाले.

६

जुळी पोरं गाडीत झोपली होती. नीलांबरीताई फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या.

"मी चोर नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या खात्यातला पैसा माझा आहे. सगळाच्या सगळा."

"तुमचा पैसा सरोजच्या खात्यात?"

"माझं खातं कोण उघडणार? पासपोर्ट रमणच्या ऑफिसच्या खणात. कशाला हवा म्हणतो, हरवशील. वाईट नाही हो माझा मुलगा. फक्त विचारत नाही. तीन वर्षं झाली, घरी जाऊन येते म्हटलं की म्हणतो, पुढच्या वर्षी. मग ही जुळी झाली. आता पुढचं वर्ष कुठलं?" त्यांनी नातवाचं पांघरूण सारखं केलं. "दिवाळीत चिवडा-लाडू करून देते इथल्या बायकांना. साड्यांना फॉल लावते. पोरं झोपली की. ते पैसे घरात ठेवायची सोय नाही. सरोज म्हणाली, माझ्या नावावर खातं उघडू, तुझे पैसे तिथे. तिकिटापुरते झाले की जा. कार्डाचा गुप्त आकडा दोघींनी मिळून ठरवला होता, कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. ते गेलं तिच्याबरोबर पुण्याला."

"आणि मग ती गेली."

"मला कळलं तेव्हा भाऊ, देवाशपथ, आधी ती गेली म्हणून रडले. पैसे दोन दिवसांनी आठवले. मग त्याचीच लाज वाटली. चार महिने काढले तसेच, मग तिच्या नावाने नवं कार्ड मागवलं. तुम्हाला सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत आले. पण सरोजने बजावलं होतं. म्हणाली, ह्यांना खोटं बोलता येत नाही. हे सरळ रमणकडे जातील आणि त्याला मुद्देसूद समजावतील. मग तुझं होतं ते पण बंद होईल."

बँकेत पांडुरंगरावांनी नेमकं तेच केलं होतं. विचारलं नसताना खरं सांगितलं होतं आणि या बाईचं तिकीट आपल्या जिभेने गोठवलं होतं.

"खातं बंद झालंय," त्यांनी सांगितलं. "मी सांगितलं त्यांना, ती गेली म्हणून."

नीलांबरीताईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. त्याही आता रडण्याच्या पलीकडे गेलेल्या दिसत होत्या.

"घाबरू नका. मी तिचा नवरा आहे. मृत्यूचा दाखला दिला की ते पैसे माझ्याकडे येतील. आले की तुमच्या हातात देईन. आणि रमणशी मी काही मुद्देसूद बोलणार नाही. फक्त पासपोर्ट मागेन. मी आणि परेश दोघं जाऊ." ते थांबले. "पण शिराळ्याला तुमचं आता आहे कोण? घर तर विकलंत ना?"

"शिराळ्याला कशाला जाऊ?" नीलांबरीताईंनी आश्चर्याने वर पाहिलं. "तुम्हाला हेही नाही सांगितलं तिने? ती म्हणाली होती, पुण्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहा. मागची खोली तुझी. ती पुण्याला गेली तीच मुळी खोली आवरायला. पलंग घेतला होता माझ्यासाठी, फोनवर सांगितलं होतं."

पलंग पांडुरंगरावांनी पाहिला होता. दोघं पुण्याला परतल्यावर, डिसेंबरात, दोन माणसं तो जिन्यावरून वर घेऊन आली, तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, हा कशाला? सरोज म्हणाली होती, पाहुण्यांना. आणि ते पुन्हा पेपर वाचायला लागले होते.

७

रात्री जेवणं झाल्यावर परेशने टेबल पुसून घेतलं आणि मुखत्यारपत्राचे कागद मांडले.

"बाबा, उद्या दहाला निघू. एकदा वाचून घ्या."

"मी सही करणार नाही."

ममता भांडी आवरता आवरता थांबली. परेश शांतपणे खुर्चीवर बसला. "काय झालं? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्यावर मी दोन दिवस संशय घेतला, ते माझं चुकलं. ते सगळं सांगतो तुला. पण फ्लॅट विकायचा नाही. तिथे माणूस राहायला जाणार आहे."

"कोण माणूस? तुम्ही भाडेकरू ठेवला?"

"मी नाही ठेवला. तुझ्या आईने ठेवलाय. भाडंसुद्धा न घेता!"

आणि मग पांडुरंगरावांनी सांगायला सुरुवात केली. आधी अगदी रिपोर्टासारखं, एकामागून एक. खातं, फोन, दोन तारखा, टपालपेटी, नीलांबरीताई. पण पलंगापाशी आले आणि त्यांचा आवाज चढायला लागला.

"माझ्यादेखत पलंग वर आणला! मला म्हणाली, पाहुण्यांना. अरे, सबंध खोली देऊन टाकली, मला विचारलं नाही. सुनेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, बँकेतल्या त्या पोरीला सांगितलं, मीच तेवढा परका! मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं, एकदा नाही म्हटलं असतं, मग दुसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं, तुला माहीत होतं ते. तरी सांगायचं होतंस. असं अर्ध्यात टाकून जाताना तरी सांगायचं होतंस की गं!"

ते उभे होते. कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. या घरात त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही.

सोफ्यावरून अनुष्का उठून आली होती. मांजरासारखी जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "आबा, आर यू मॅड ॲट आजी?"

"हो," पांडुरंगराव म्हणाले. "फार राग आलाय मला तिचा. फार."

आणि ते टेबलाशी, त्या कागदांवर हात टेकून, सगळ्यांसमोर मोठमोठ्याने रडायला लागले. परेशने कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतले. ममताने पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली.